गणित कच्चं राहिलं तर रोजच्या व्यवहारात काय अडतं?

प्रश्न सोलापुरातल्या साखर पेठेतल्या एका टॉवेल व्यावसायिकाचा आहे. मुलगी दहावीत आहे, गणितात जेमतेम पास होते. ते विचारतात, "हिशोबाला मोबाईल आहेच. मग आकडे कच्चे राहिले तर पुढे जगण्यात खरंच काही बिघडतं, की ही सगळी शिकवणीवाल्यांनी घातलेली भीती आहे?"

बिघडतं. पण बेरीज-वजाबाकीत फारसं बिघडत नाही, ते काम मोबाईल करतो. बँकेतली नोकरी संपल्यापासून मी विडी कामगार बायका, बचत गट आणि छोटे दुकानदार यांच्याबरोबर कर्जाचे आणि बचतीचे कागद वाचायला बसते. तिथे बघितलेलं सांगते. माणसं फसतात ती गुणाकार चुकल्यामुळे नाही. समोरच्यानं आकडा एका ठरावीक रूपात पुढे ठेवलेला असतो. महिन्याचा की वर्षाचा, कापण्याआधीचा की कापून झाल्यावरचा, शंभरातला की हजारातला, हे त्यानं आधीच निवडलेलं असतं आणि आपण त्याच रूपावर निर्णय घेऊन मोकळे होतो. तोच आकडा दुसऱ्या रूपात फिरवून बघता येणं, हे खरं कौशल्य आहे. मोबाईल तुम्ही घातलेलं गणित सोडवेल. गणित कोणतं घालायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

जुन्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका बैठकीतलं उदाहरण देते. हजार विड्यांची मजुरी इतकी, आज साडेसातशे झाल्या, त्यातल्या इतक्या नापास झाल्या, तर हातात किती पडणार, हे तिथल्या बायका बोलता बोलता तोंडी सांगतात. अशीच हिशोबाला तरबेज असलेली एक बाई मला म्हणाली, "बँकवाले बारा घेतात की ओ मॅडम, हा पाचच घ्यालाय."

पाच लहान, बारा मोठा, म्हणजे सावकार स्वस्त. आपल्याकडे खासगी उसनवारीतला टक्का महिन्याचा असतो आणि बँकेचा वर्षाचा. ही गोष्ट कुणी मुद्दाम लपवत नाही, पण कुणी बोलूनही दाखवत नाही. मी वहीच्या पानावर दोन रकाने पाडले. दहा हजार रुपये, एक वर्ष. बँकेच्या रकान्यात वर्षाचं व्याज १,२०० रुपये, तेही मुद्दल वर्षभर अजिबात फेडलं नाही असं धरून. दुसऱ्या रकान्यात महिन्याला ५०० प्रमाणे बारा महिन्यांचे ६,०००. तिनं पान स्वतःकडे ओढलं, बोट ठेवून दोन्ही आकडे बघितले आणि विचारलं, "आन् मुद्दल?" म्हटलं, "मुद्दल तसंच." शेजारच्या बाईला तिनं तेलुगूत काहीतरी पटापटा सांगितलं आणि दोघीही गप्प झाल्या. तिला गुणाकार मी शिकवला नाही. तो तिला माझ्याइतकाच येत होता. पाच आणि बारा हे दोन आकडे एका मापात आणल्याशिवाय शेजारी ठेवायचे नसतात, एवढंच तिला कुणी कधी दाखवलेलं नव्हतं. (सावकारीसाठी परवाना लागतो आणि व्याजाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात २०१४ चा कायदाच आहे. हेही तिथे सांगावं लागलं.)

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. गिऱ्हाईक म्हणून विचारलं तर ती मुलं जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देत, आणि तीच गणितं शाळेतल्यासारखी कागदावर मांडून दिली की निम्म्याहून अधिक चुकत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असंच काम केलं, ते २०२५ मध्ये आलं. त्यांना उलटी बाजूही दिसली. शाळेत शिकणारी मुलं पुस्तकी उदाहरणं सोडवत होती, पण बाजारातल्या साध्या हिशोबात अडखळत होती. म्हणून मुलीचे मार्क वाढले की ती व्यवहारात पक्की झाली असं धरू नका, आणि मार्क कमी आहेत म्हणून ती व्यवहारात कच्चीच राहणार असंही नाही. एका ठिकाणची हुशारी दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. ती मुद्दाम पोहोचवावी लागते.

आता कर्जाचंच थोडं पुढे नेते, कारण तुमच्या धंद्यातही हे येणार. एक जण म्हणतो, "तीस हजार देतो, बारा टक्के फ्लॅट, बारा हप्ते." दुसरा म्हणतो, "अठरा टक्के, घटत्या शिलकीवर." दहातले आठ जण बारावाल्याकडे वळताना मी बघते. पहिल्याचा हिशोब असा: तीस हजारांवर वर्षाचे बारा टक्के म्हणजे ३,६०० रुपये व्याज, एकूण ३३,६००, हप्ता २,८००. दुसऱ्याचं व्याज फक्त फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून त्याचा हप्ता येतो सुमारे २,७५० आणि वर्षाचं व्याज साधारण ३,००५. अठरावाला स्वस्त पडला, जवळजवळ सहाशे रुपयांनी.

असं का होतं, ते समजलं की विसरत नाही. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण तीस हजारांवर वर्षभर धरलेलं असतं. पण तीस हजार तुमच्याकडे वर्षभर असतात कुठे? दर महिन्याला अडीच हजार मुद्दल परत जातं. पहिल्या महिन्यात तीस हजार, शेवटच्या महिन्यात फक्त अडीच. सरासरी काढली तर वर्षभर तुम्ही वापरले सव्वासोळा हजार. ३,६०० भागिले १६,२५०, म्हणजे बावीस टक्क्यांच्या आसपास. बँकेच्या सूत्रानं काढला तर साडेएकवीस येतो. त्यात प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापून २९ हजारच हातात टेकवले, तर खरा दर आणखी चढतो.

सुदैवानं यातलं बरंचसं आता कागदावर यावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना नव्या किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्यांचं विवरणपत्र, म्हणजे ज्याला ऑफिसात केएफएस म्हणतात ते, कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावं लागतं. त्यात एपीआर नावाची ओळ असते. व्याज आणि बाकीचे खर्च मिळून वर्षाचा एकच दर तिथे लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करायची ती फक्त त्या ओळीवर. मराठीतला कागद मागा. मागितल्याशिवाय पुष्कळदा इंग्रजीच पुढे सरकवला जातो.

कांद्याकडे येते, कारण सोलापुरात आकड्यांमुळे सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट तीच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दहा गोण्या, ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव लागला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून गाडीभाडं, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५० पैसे गेले आणि चेक आला दोन रुपयांचा. देशभर बातमी झाली. लोक हळहळले आणि ते योग्यच होतं. भाव पडला तो त्या शेतकऱ्याच्या गणितामुळे नाही, हे आधी स्पष्ट सांगते. पण त्या पट्टीतली, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदातली, एक गोष्ट प्रत्येक शेतकरी घरानं बघावी अशी आहे. भाव क्विंटलवर ठरतो, खर्च गोणीवर बसतो. ५०९ रुपये दहा गोण्यांवर वाटले तर गोणीला सुमारे ५१. क्विंटलवर आणले तर सुमारे शंभर. म्हणजे त्या गाडीसाठी क्विंटलला शंभर रुपये ही काठावरची रेघ होती आणि भाव बरोबर त्या रेघेवर आला. आपल्या गावाहून, आपल्या गाडीभाड्यात ही रेघ कुठे पडते, हे माल भरायच्या आधी काढून ठेवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. काढणीचा आणि बियाण्याचा खर्च त्यात नाही. तो झालेलाच असतो. गाडी भरायची की नाही, हा प्रश्न पुढच्या खर्चाचा असतो.

दुसरं, बाजारभावाच्या कोष्टकात तीन आकडे येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो कमाल. "सोलापुरात पंचवीसशे फुटला" म्हणून गाड्या निघतात. कमाल भाव निवडक मालाच्या थोड्या गोण्यांनाही लागलेला असू शकतो. आपला माल मध्यम असेल तर आपला आकडा सर्वसाधारण आणि किमान यांच्या मधे कुठेतरी आहे. तो धरून गणित मांडा. कमाल लागला तर तेवढं वरचं समजा.

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाचंही असंच. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं तेव्हा शिकलीसवरलेली माणसंही घाबरून विचारत होती, शून्याच्या खाली पाणी असतं कसं? टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते आणि तो सुमारे ५३.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्याच्या खाली सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा. उणे ६० म्हणजे मृतसाठ्यातले ३२ टीएमसी गेले, तरी साडेएकतीसच्या आसपास शिल्लक. म्हणजे धरण कोरडं नाही. पण पाणी नेहमीच्या पातळीखाली गेलं की दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं, आणि शेतीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आता घरातला निर्णय बघा. आणखी एक टाकी घ्यायची का? त्याचं उत्तर या टक्केवारीत नाहीच. उजनी शंभर टक्के भरलेली असतानाही शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआडच पाणी आलेलं आहे, कारण अडचण जलवाहिनी आणि वितरणाची होती. टाकीसाठी लागणारे आकडे तीन: किती दिवसांआड येतं, घरात माणसं किती, आणि दिवसाला किती लागतं. पेपरातला मोठा आकडा खरा असतो, पण तो आपल्या प्रश्नाचा असतोच असं नाही. हे ओळखणं फार कमी लोकांना जमतं आणि मला ते शाळेत शिकवावं असं मनापासून वाटतं.

दवाखान्यात तर याची किंमत पैशांपलीकडे जाते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट ऐकून पुष्कळ बायकांनी गोळ्याच बंद केल्या. मुळात तो धोका सात हजार बायकांत एकीचा होता, तो दोघींचा झाला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे एका शब्दानं किती नुकसान केलं ते कळतं. गर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी हे उदाहरण वारंवार मांडलं आहे. त्यांचं सांगणं साधं आहे: टक्के सोडा, माणसं मोजा.

म्हणून डॉक्टर किंवा लॅबवाला "धोका निम्मा होतो" म्हणाला तर विचारा, "माझ्यासारखी शंभर माणसं घेतली तर गोळीशिवाय किती जणांना होतं आणि गोळीनं किती जणांना?" चारावरून दोनवर आलं तरी निम्मं, चाळीसवरून वीसवर आलं तरी निम्मंच. उत्तर ऐकून मनानं गोळी बंद करायची नाही. डॉक्टरांशी बोलायचं, पण आता बोलणं खऱ्या मुद्द्यावर होईल.

सोन्याच्या दुकानातलं आणि कपड्यांच्या सेलमधलं पटकन सांगते. "घडणावळीवर पन्नास टक्के सूट" असेल तर मूळ घडणावळ किती, ते आधी. सोळा टक्क्यांचे आठ झाले आणि पलीकडचा सूट न देता सातच घेत असेल, तर सूट कुठे आहे? "पन्नास अधिक वीस टक्के" म्हणजे सत्तर नाही, साठ.

आणि "दिवसाला फक्त एक टक्का" देणाऱ्या योजना. ऐकायला एक टक्का किरकोळ वाटतो, म्हणूनच तो तसा सांगतात. रोजचा एक टक्का मुद्दलात मिळवत गेलं तर सत्तर दिवसांत पैसे दुप्पट आणि वर्षाअखेर एका लाखाचे सुमारे ३७ लाख ७८ हजार. असं देणारा प्रामाणिक धंदा जगात कुठेच नाही. फोनमध्ये १.०१ चा ३६५ वा घात काढून दाखवला की पुढचं भाषण करावं लागत नाही. सुशिक्षित, पगारदार माणसं यात बुडालेली मी बघितली आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण ते एक गणित घातलं असतं तर पुरे होतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. एलन पीटर्स या अमेरिकी संशोधिकेचं याच विषयावर मोठं काम आहे. २००६ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात लोकांना दोन भांड्यांतलं एक निवडायला सांगितलं होतं. रंगीत गोळी हाताला लागली तर बक्षीस. एकात दहांत एक रंगीत, दुसऱ्यात शंभरात नऊ. शक्यता दहांतल्या एकाचीच जास्त, आणि टक्केवारी लिहूनही ठेवलेली होती. तरी आकड्यांत कच्चे असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी "नऊ दिसतात" म्हणून शंभरवालं निवडलं. पक्क्या लोकांत असं करणारे फारच थोडे. गंमत अशी की त्याच अभ्यासात पक्के लोकही एका ठिकाणी घसरले. नऊ डॉलर जिंकण्याची एक पैज आणि तीच पैज, पण हरलात तर पाच सेंट द्यावे लागतील, या दोनांत त्यांना नुकसानवाली जास्त चांगली वाटली. पाच सेंटांशेजारी नऊ डॉलर उठून दिसले, एवढंच. म्हणजे आकडे येणाऱ्यालाही आकडा भुरळ घालतो.

२०१९ मधलं त्यांचंच आणखी एक काम पालक म्हणून तुम्ही जास्त मनावर घ्यावं असं आहे. कौशल्य आणि आत्मविश्वास दोन्ही लागतात, असं त्यात दिसलं. आकडे येतात पण "मला जमत नाही" अशी समजूत आहे, अशांचे पैशांचे निर्णय त्यांच्या कुवतीपेक्षा वाईट. कौशल्य नाही आणि विश्वास दांडगा, त्यांचेही वाईट. दहावीत जेमतेम पास होणाऱ्या मुलीला घरात रोज "तुला गणित येत नाही" ऐकावं लागत असेल, तर पुढे तिच्यासमोर कर्जाचा कागद आला की ती तो न वाचता नवऱ्याकडे किंवा एजंटकडे सरकवेल. सह्या करून मोकळ्या झालेल्या अशा हुशार बायका मला दर महिन्याला भेटतात. कृपा करून ते वाक्य घरात बंद करा.

शिकवणी चालू ठेवा, बोर्डाची परीक्षा वेगळी आहे आणि ती द्यायचीच आहे. त्याशिवाय घरात एवढं करा. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. तेवढं नको, पण दहा टक्के, पाव, निम्मं आणि दीडपट हे चार अंदाज तिला फोन न काढता यायला हवेत. उत्तर साधारण कुठे येणार हे माहीत नसेल तर फोनवर एक शून्य जास्त दाबलं गेलेलंही कळत नाही. मग तिला तुमच्या धंद्याची वही दाखवा. एका डझनावर किती सुटतात, सूत महागलं तर किती सुटतील, उधारी दोन महिने थकली तर ते पैसे कितीला पडले, हे तिला विचारा आणि तिचं उत्तर खरोखर वापरा.

सुरुवात लाईट बिलापासून करा. महावितरणचे टप्पे बघायला लावा: शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा. एकशे एक युनिट झाले की सगळेच युनिट महाग होतात, असं कित्येक घरांत समजतात आणि महिनाअखेरीला पंख्यावरून भांडतात. वरच्या दरानं फक्त शंभराच्या पुढचे युनिट लागतात. हे तिनं बिलावरून स्वतः मांडून तुम्हाला समजावू दे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन यांच्या ओळीही तिलाच वाचू द्या, आणि अडलं तर लगेच सांगू नका.